पेटीतला पाना

४ सप्टेंबर १९७८, सोमवार

आज ताराचंदसाहेबांनी ही जाडजूड वही हातात दिली. म्हणाले, "रुपरावजी, बॅटरीचं रोज लिहायचं. व्होल्ट किती, ग्रॅव्हिटी किती, चार्जिंगले कधी लावली, कधी काढली. एक दिवस चुकला तर मले चालणार नाही." बरं म्हटलं. पुढच्या बाजूने बॅटरीचं लिहितो आणि मागच्या बाजूने हे माझं. वही हँगरमधल्या ड्रॉवरमध्येच राहते, पण मागून वही उघडायची कोणाला सवय नसते.

लिहिताना शाळेतली मराठी लिहितो, कारण मास्तरांनी ती छडीने शिकवली. बोलताना आपली नागपुरी.

बावीस वर्षं एस.टी.च्या डेपोत बॅटरी रूममध्ये काढली. माझ्या एकाही शर्टाला धड खिसा नाही, सगळे अॅसिडने खाल्ले. जूनमध्ये रिटायर झालो आणि जुलैपासून सोनेगावला या फ्लाइंग क्लबात आहे. इंजिनियर गजभियेसाहेब, म्हणजे आमचे ताराचंदसाहेब, यांनी दिवाळीपर्यंतच घेतलं आहे. एक पेटी बनवायची. ती दिल्लीच्या परीक्षकाने पास केली तर मी इथे पक्का, नाहीतर राम राम. मनकर्णा म्हणते, पुरे झाल्या बॅटऱ्या, उमरेडले लेकीजवळ जाऊन राहू. लेकीच्या दारापुढे खाट टाकून बसण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही, हे तिला कोणी सांगावं.

पेटीचं कारण असं. ऑगस्टमध्ये क्लबाचे कॅप्टनसाहेब ढगात असताना विमानाचा जनरेटर गेला. मेन बॅटरी आधीच दमलेली, तीही बसली. रेडिओ बंद, विजेवरचा मीटर बंद. ढगातून खाली येऊन रेल्वेचे रूळ धरून ते परत आले.  तेव्हा साहेबांनी ठरवलं की छोटी वेगळी बॅटरी पेटीत घालून सीटखाली बसवायची. मेन वीज गेली की खटका दाबायचा, आणि रेडिओ व तो एक मीटर अर्धा तास चालले पाहिजेत.

६ सप्टेंबर, बुधवार

ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडचा दाटपणा, बाराशे साठ. साहेबांच्या हाताखाली काम करायला बरं वाटतं. पण क्लबातला चहा म्हणजे गरम पाण्याला नुसता रंग.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज चहा एकदम कडक. चौकीदार धोंडबाच चहा करतो, त्याला विचारलं. म्हणाला, साहेबांनी सांगतलं. त्यांनाही तो पाणचट लागत असणार.

कॅप्टनसाहेबांच्या वर्गात मागे जाऊन बसलो. विमानात समोर सगळे मीटरच मीटर. काही इंजिनाने ओढलेल्या हवेवर चालतात, काही विजेवर. आणि तीन मीटर, म्हणजे उंचीचा, वेगाचा आणि चढ-उताराचा, यांना बाहेरच्या हवेचा दाब लागतो. तो दाब एका बारक्या भोकातून नळीने आत येतो. भोक बुजलं तर तिन्ही खोटं बोलतात. एक बंद पडलं की दुसरं तयार पाहिजे, हा सगळा वर्ग त्यावरच. ते मला पटलं, घरात चिमणी आणि कंदील दोन्ही ठेवतातच.

पण पुढे कॅप्टनसाहेब म्हणाले की भोक बुजलं तर चढ-उताराच्या मीटरची काच फोडा. आतली हवा त्या वाटेने नळीत शिरते आणि बाकीचे दोन मीटर सुरू होतात. मी डेपोत बावीस वर्षं काचा जपल्या, आणि हे पोरांना काचा फोडायला शिकवतात.

वर्गात सात मुलगे आणि एक मुलगी. देवकी तिचं नाव, काटोलच्या संत्रा बागायतदार मारोतरावांची लेक. एस.टी.ने येते, हुडकेश्वरला आत्याकडे राहते. प्रश्न विचारते ती एकटीच. मला म्हणाली, "काका, तुमची बॅटरी विमान उलटं झालं तर सांडन काय?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सांडली. पेटी उलटी करून खाली मनकर्णाने दिलेलं जुनं धोतर अंथरलं होतं, त्याची जाळी झाली. बिनसांडणारी बुचं मागवली आहेत. मनकर्णाला सांगितलं नाही की धोतर जुनं नव्हतं, मीच चुकून दुसरं उचललं.

दुसरी गोष्ट. डेपोत आम्ही प्रत्येक बसच्या बॅटरीपाशी एक पाना सुतळीने बांधून ठेवायचो. उमरेडच्या रस्त्याने गाडी गेली की बॅटरीचे नट हमखास ढिले होतात, आणि ड्रायव्हर ऐन वेळी पाना कुठून आणणार? म्हणून मी पेटीच्या झाकणाला आतून तसाच दहा नंबरचा पाना बांधला. साहेबांनी पाहिला आणि भडकले. "रुपरावजी, ही एस.टी. नाही. विमानात सुटी वस्तू ठेवायची नाही. लटकत राहिली तर कुठीतरी जाऊन अडकते." पाना काढून माझ्या हातात दिला.

मी संध्याकाळी तो परत बांधला. साहेब शिकलेले आहेत, पण ढिल्या नटाचा अनुभव त्यांना नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

नवल आहे. सुतळी गायब, आणि झाकणाला आतून चामड्याचा पट्टा, दोन रिवेट मारून. त्यात माझा पाना असा घट्ट बसवला आहे की पेटी आपटली तरी वाजत नाही. इतकं सफाईचं काम. धोंडबाला शाबासकी दिली, तर म्हणतो, मी नाही जी. लाजाळू माणूस.

२६ सप्टेंबर, मंगळवार

जमिनीवरची चाचणी. मेन वीज तोडली, खटका दाबला. साहेब, कॅप्टनसाहेब आणि देवकी विमानात बसले, मी पायरीवर. पाहिजे होता अर्धा तास, पेटी त्रेचाळीस मिनिटं चालली. शेवटी कॅप्टनसाहेब म्हणाले, "आता बंद करा, मले भूक लागली." आजचा दिवस फार चांगला गेला. घरी जाताना गणेशपेठेतून मनकर्णासाठी नवं धोतर घेतलं, म्हणजे माझ्यासाठी, पण तिला दाखवायला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

तारखा ठरल्या. १३ ला देवकी पहिल्यांदा एकटी दूर जाणार, काटोलवरून वळसा घालून परत. तिच्या बाबांना कळवलं आहे. ते म्हणे बागेत पांढरी चादर अंथरून उभे राहणार, वरून दिसावी म्हणून. १९ ला दिल्लीचे परीक्षक येणार पेटी पाहायला. देवकीच्या विमानात पेटी बसवली आहे, पण चाचणीच्या वायरा काढल्या, पक्क्या अजून जोडलेल्या नाहीत. हादरे कितपत सोसते तेवढं पाहायचं.

साहेब उद्या-परवा सुट्टीवर. दसऱ्याला त्यांच्याकडे खेड्यावरून तीस-चाळीस पाहुणे येतात, सगळ्यांना घेऊन ते दीक्षाभूमीवर जातात. दर वर्षी हँगरमधली पूजा ते लांबून उभे राहून पाहतात म्हणे, अगदी बारीक नजरेने. या वर्षी जाताना मला एवढंच म्हणाले, "पूजा करा, पण प्रोपेलरले हात लावायचा नाही, इंजिनात फूल टाकायचं नाही, आणि काही राहिलं तर पुसून काढा." तिन्ही गोष्टी पाठ केल्या.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

सकाळी घरच्या पूजेतच मनकर्णाची कटकट. महादेवाच्या पिंडीवर तांब्याचं अभिषेकपात्र टांगतो, त्याच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यातून थेंब थेंब पाणी पडतं. ते बंद पडलं. म्हणाली, "तुम्ही पूजा केली का हे असंच होते." मी म्हटलं, सणाच्या दिवशी भांडू नको वं.

मग हँगर. पाने, चार्जर, हायड्रोमीटर, सगळं मांडलं. झेंडूची माळ पेटीला. धोंडबाने नारळ फोडला, बाहेर, शेडच्या मागे. आता विमान राहिलं. बसला आपण समोर, दोन दिव्यांच्या मधे कुंकू लावतो, ते तिचं कपाळ. विमानाला समोर प्रोपेलर, तिथे साहेबांची मनाई. मग जागा शोधत फिरलो. डाव्या अंगाला, पुढच्या भागात, रुपयाएवढी एक चकचकीत चकती सापडली, मधोमध बारीक टिंब. जणू कुंकवासाठीच केलेली. तिथे ओलं कुंकू दाबून लावलं, वर अक्षता चिकटवल्या. रेशनचे तांदूळ, त्यात कणीच जास्त, पण भावना महत्त्वाची.

नमस्कार केला. म्हटलं, बापा, त्या पोरीला परवा सुखरूप ने आणि सुखरूप आण.

मग साहेबांचं तिसरं वाक्य आठवलं. ओलं फडकं घेऊन ती चकती अशी घासून पुसली की लालीचा ठिपका दिसणार नाही. साहेबांना नावं ठेवायला जागा ठेवली नाही. धोंडबाने सोनं दिलं, मी त्याला दिलं. आपट्याची पानं वहीत ठेवली आहेत.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

साहेब सकाळी सरळ घरून आले, डोळे लाल, दोन दिवस पाहुण्यांत झोप नाही. देवकीने विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासलं, सही केली आणि नऊ वाजता गेली. मी ऑफिसात रेडिओपाशी उभा.

चार मिनिटांनी तिचा आवाज आला. उंचीचा मीटर हजार फुटांवरून हलत नाही. आपलं सोनेगाव समुद्रापासून हजार फूट वर आहे, तेव्हा तो जमिनीवरच हजार दाखवतो. म्हणजे विमान वर आणि मीटर अजून खालीच. चढ-उताराचा मीटर शून्य. वेगाचा मीटर उतरत चाललेला, आणि इंजिनाचा आवाज तर व्यवस्थित.

खोटं कशाला लिहू, एक क्षण मनात आलं की वीज गेली असेल, आणि माझी पेटी तिथे तयार बसली आहे. मग आठवलं की वायरा जोडलेल्याच नाहीत. आणि मग आठवलं की वर ती पोरगी एकटी आहे. फार लाज वाटली.

कॅप्टनसाहेबांचा आवाज मात्र थंड. "देवकी, वेग पाहून नाक खाली घालू नको. नाक क्षितिजावर ठेव, इंजिन जसं आहे तसं राहू दे. बाहेरचं भोक बुजलं आहे. काच फोड."

ती म्हणाली, "कशानं फोडू?"

 तिच्याजवळ नकाशा, पेन्सिल आणि चपला. मग मला एकदम सुचलं. मी कॅप्टनसाहेबांच्या हातातून तो माइक ओढलाच. म्हटलं, "पोरी, उजव्या सीटखाली माही पेटी आहे. झाकण उघड. आतून पट्ट्यात पाना आहे."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता इथेच नोकरी गेली.

मोजून दोन मिनिटं लागली असतील. मग रेडिओवर काच फुटल्याचा आवाज, आणि तिचा आवाज, "काटा हलला. दोन हजार तीनशे. वेगही बरोबर येऊन राहिला." कॅप्टनसाहेब खुर्चीत बसले. ती अंबाझरीच्या तलावावरून वळली आणि उतरली, आणि उतरली ती इतकी हलकी की धोंडबाने टाळ्या वाजवल्या.

खाली येऊन तिने पहिल्यांदा पाना माझ्या हातात दिला. म्हणाली, "काका, तुमचा पाना घ्या." मी रडलो. सगळ्यांसमोर. तीही रडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा चादर धरून उभे असन तिकडं."

मारोतराव दुपारी बारापर्यंत उभे होते. ट्रंक कॉल लागला तेव्हा त्यांना सांगितलं की मशीन थोडं बिघडलं, पोरगी चहा पिऊन राहिली.

माझ्या पेटीने पोरीला वाचवलं. बॅटरी लागली नाही ही गोष्ट वेगळी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सगळा क्लब पेटीचं नाव घेतो आहे. कॅप्टनसाहेबांनी पाठ थोपटली. साहेबांनी मात्र नाही.

काल दुपारी साहेब विमानाखाली एकटे अर्धा तास बसले होते, चिमटा आणि बॅटरी घेऊन, म्हणजे टॉर्च. मग माझ्या टेबलापाशी बराच वेळ काही वाचत होते, बॅटरीच्या नोंदी असाव्यात. आज बिघाडाच्या रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'हवेचं भोक बुजलेलं आढळलं, साफ केलं.' पुढे 'कारण' असा रकाना आहे. तो कोरा. कारण भरल्याशिवाय विमान उडणार नाही, असा नियम. म्हणजे देवकी जमिनीवर, आणि १९ ला परीक्षकांना पेटी हवेत दाखवता येणार नाही. मला काळजी लागली.

साहेबांनी मला बोलावलं. "रुपरावजी, दसऱ्याची पूजा चांगली झाली ना?"

म्हटलं, "एकदम नंबर एक. तुम्ही सांगतलं तसं पुसूनही काढलं."

"विमानाची बी केली?"

"तर. सोडतो काय?"

"कुठी कुठी केली?"

किती आस्थेने विचारतात. वेगळ्या धर्माचे असूनही आमच्या पूजेची एवढी चौकशी. मी नारळापासून सगळं सांगायला लागलो, तेवढ्यात ट्रंक कॉल आला आणि राहिलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

कारण मला सापडलं. कुंभारमाशी. आमच्या डेपोत ती कुलपाच्या भोकात मातीचं घर बांधायची, किल्ली जात नसे. दोन दिवस विमान उभं होतं, तेवढ्यात तिने काम केलं. साहेबांना अर्धा तास समजावलं, कागदावर माशीचं चित्र काढून दाखवलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही माशी लाल माती आणते काय?"

म्हटलं, "रामटेककडची आणली असन. तिकडची माती लालच आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना बरं नसावं. म्हणाले, "रुपरावजी, मी बुधवारपर्यंत तो रकाना कोरा ठेवतो. तुम्ही नीट आठवून पाहा. दसऱ्याले काय काय केलं, तुम्ही कुठीतरी लिहून बी ठेवलं असन." मी म्हटलं, मी कशाला लिहितो. त्यांना कसा अंदाज आला कोण जाणे.

देवकी हँगरच्या दारात बसून होती. म्हणाली, "काका, सही माही होती. मीच नीट पाह्यलं नाही. चकती चकचक करून राहिली होती म्हणून पुढं गेली." मी म्हटलं, माशीचा दोष तू काहून घेते. कोणती चकती हे विचारायचं राहिलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सात

हँगरमध्ये कोणी आलेलं नाही. आज हे लिहून मग दुसरं लिहायचं आहे.

काल सोमवार, महादेवाची पूजा मी केली. पाणी ओतलं. अभिषेकपात्र परत बंद. मनकर्णा आली, पात्र काढलं, उलटं केलं, सुई घातली आणि भोकातून एक लाल तांदूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. "अजी, किती वेळा सांगू. कुंकवाचा हात, त्याले अक्षता चिकटलेल्या, अन् वरून ओल्या फडक्यानं घासता. कणी भोकात जाऊन बसते. बाहेरून पाहा तर भांडं कसं चकचक करते."

मी तो तांदूळ पाहत बसलो. मनकर्णा म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिने कोजागिरीचं दूध आणलं, ते तसंच ठेवलं.

देवकीची चकती. माझी चकती. मधलं ते टिंब.

पोरीच्या नावाने ज्या हाताने नमस्कार केला त्याच हाताने तिच्या विमानाचं भोक बुजवलं, आणि चार दिवस पेटीची शाबासकी खात फिरलो. माशीचं चित्र काढलं. देवा.

आज सकाळी सहालाच आलो. विमानाच्या डाव्या अंगाला जाऊन टॉर्च मारली. साहेबांनी साफ केलं आहे, पण कडेला केसाएवढी लाल रेघ अजून आहे.

मनात आलं की गप्प राहावं. माशीवर सगळ्यांचा अर्धा विश्वास बसलाच आहे. परवा परीक्षक येतील, पेटी पास होईल, मी पक्का होईन. हे मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं, ते इथे लिहून ठेवतो.

त्याच दिवशी, दुपारी

रजिस्टरात मी लिहिलं. माझ्या हाताने. 'कारण: दसऱ्याच्या पूजेत रुपराव ढोबळे यांनी हवेच्या भोकावर कुंकू व अक्षता लावल्या व ओल्या फडक्याने पुसल्या. तांदळाची कणी आत गेली.' खाली सही.

साहेब आले, वाचलं. आपला ड्रॉवर उघडून कागदाची पुडी काढली. आत एक लाल कणी. शुक्रवारपासून त्यांच्याजवळ होती.

म्हटलं, "साहेब, तुम्हाले माहीत होतं, तर बोलले काहून नाही?"

साहेब जरा अडखळले, माझ्या वहीकडे पाहिलं. म्हणाले, "माहीत असणं वेगळं, अन् कसं माहीत झालं ते सांगणं वेगळं." मला काही समजलं नाही. मग त्यांनी मला जे झापलं ते झापलं. दहा मिनिटं. सुट्टीवर जाताना विमानाला कव्हर घालून गेलो नाही, भोक कुठे आहे ते तुम्हाला दाखवलं नाही, ही माझी चूक, असंही त्यातच म्हणाले. शेवटी म्हणाले, "चहा प्या."

देवकीला मीच सांगितलं. तिच्या पायाशी बसून सांगायची तयारी होती. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "काका, म्हणजे तुम्हीच बुजवलं अन् तुम्हीच उघडलं." मग गंभीर झाली आणि म्हणाली, "पण आता असं करू, ते भोक रोज पाहायचं. आपण दोघंबी पाहू."

घरी मनकर्णाला सगळं सांगायचं आहे. उमरेडची तयारी करायला सांगतो.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दिल्लीचे परीक्षक आले. बारीक चष्मा, कमी बोलणं. पेटीकडे पाहिलंच नाही, आधी रजिस्टर मागितलं. माझी ओळ दोनदा वाचली. हिंदीत विचारलं, ये किसने लिखा. मी पुढे झालो. आता जे होईल ते होवो.

म्हणाले, तेवीस वर्षं रजिस्टरं वाचतो, 'कारण' या रकान्यात 'अज्ञात' नाहीतर 'धूळ' एवढंच पाहिलं. मग पेटी पाहिली. मेन वीज तोडली. या वेळी वायरा जोडलेल्या होत्या. चव्वेचाळीस मिनिटं. झाकण उघडलं, पट्ट्यातला पाना ओढून पाहिला, निघत नव्हता. विचारलं, हा पट्टा कोणी बसवला. धोंडबाने माझ्याकडे पाहिलं, मी धोंडबाकडे. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

पेटी पास. कागदावर एक अट लिहिली आहे की प्रत्येक पेटीत, पट्ट्यात, एक पाना असावा.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज देवकी काटोलला जाऊन आली.

मारोतराव सकाळीच एस.टी.ने आले. चादर धरायला त्यांनी बायकोला, इंदूबाईंना, बागेत ठेवलं. मागच्या वेळी हात दुखले म्हणे. संत्र्यांची टोपली आणली, आणि दुसऱ्या हातात रुमालाने झाकलेलं ताट. रुमाल काढला तर नारळ, उदबत्ती, कुंकू आणि अक्षता. म्हणाले, "लेकीच्या विमानाची पूजा करतो. मागच्या बारीले कोणी नीट केली नसन."

ताट घेऊन ते सरळ डाव्या अंगाला निघाले. त्यांनाही तीच चकती दिसली. चकचकीत, रुपयाएवढी.

मी दोन्ही हात पसरून विमानापुढे उभा राहिलो. माणूस माझ्याहून मानाने मोठा, बागायतदार, पोरीचा बाप.  साहेब, कॅप्टनसाहेब, देवकी, सगळे बघत. शेवटी म्हटलं, "मारोतरावजी, विमानाले नका लावू. लावायचंच असन तर मले लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवकी मागून म्हणाली, "बाबा, लावा. या काकांनीच पाना सांगतला होता." दुसरं काही तिने सांगितलं नाही. मारोतरावांनी कुंकवात बोट बुडवलं, माझ्या कपाळावर दाबून लावलं, वर अक्षता चिकटवल्या. मग वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्यांना धरून उठवलं.

मग देवकी आणि मी मिळून चकती पाहिली, टॉर्च मारून. भोक साफ. तिने सही केली, तिच्या सहीखाली मी केली. उडाल्यावर चार मिनिटांनी रेडिओवर आवाज आला, "काका, काटा हलून राहिला." पाऊण तासाने परत आली. म्हणाली, आईने चादर धरली होती, पण उलट्या बाजूने, नक्षी वर.

कुंकू अजून पुसलेलं नाही. संध्याकाळी मनकर्णा विचारील, तेव्हा सगळं सांगीन. उमरेडला जाणं रहित आहे, हे शेवटी सांगीन.

जाताना साहेब टेबलापाशी आले. म्हणाले, "रुपरावजी, ही वही दोन्हीकडून भरत आली. उद्या नवी आणतो. जाडी आणतो, पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरली पाहिजे."

पुढच्या दसऱ्यापर्यंत. मी दोनदा विचारून घेतलं. हो म्हणाले.

साहेबांचा अंदाज मात्र मानला पाहिजे. वही न उघडता ओळखलं की दोन्हीकडून भरत आली.